सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी

हॅलो?… हॅलो?… कोण बोलतंय? काही ऐकू येत नाही, मशीन चालू आहे… थांबा, बंद करते… हं. आता बोला.

अगं, तू होय! आणि मी आपली ‘बोला, बोला’ करतेय. बोल गं छोटे.

नाही, नाही, कामात कसली… म्हणजे आहेच काम, कामाला काय धाड भरलीय. शाळा उघडायला अठरा दिवस राहिलेत, घरात पाय ठेवायला जागा नाही. खुर्चीवर शर्ट, पलंगावर स्कर्ट. तुझे भावोजी काल दुपारी जेवून आले आणि बाह्यांच्या ढिगाला उशी समजून घोरत पडले… हो ना! बारा बाह्यांना पुन्हा इस्त्री.

तू बोल. फोन खांद्यात दाबलाय, हातात कात्री आहे, कान तुझ्याकडे… मान? मान वाकडी होऊन वर्षं झाली. आता सरळ झाली तर गिऱ्हाईक मला ओळखणार नाही.

काय?… सांगायचंय? सांग की. पण त्याआधी माझं ऐक, नाहीतर मी विसरेन. मी काल सभेत बोलले!… अगं, कालची पालकांची सभा नाही का, आपल्या छोट्या शाळेत. तू आली नाहीस, तुझी दाढ दुखत होती. कशी आहे दाढ?… हं. मिठाच्या पाण्यानं चूळ भर. तर ऐक.

त्या मुख्याध्यापिका बाई सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, कुणा पालकाला दोन शब्द बोलायचेत का? झालं. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मला काही राहवेना. उठले… हो, मी! म्हटलं देवा, तूच बोल आता माझ्या तोंडून. आणि एकदा तोंड उघडल्यावर मग काय गं… हो, तू म्हणशीलच. लागलं कीर्तन. पण लोक ऐकत होते, छोटे. मागच्या बाकावरचा एक माणूस जांभई अर्धी सोडून ऐकत होता.

मी काय सांगितलं? जे आहे ते. म्हटलं, दोन्ही शाळा सरकारी, दोन्हींत शिकवतात. मोठ्या शाळेला मी नावं ठेवत नाही. मैदान आहे, तीन मजले आहेत, बँड आहे. पण तिथं बाराशे मुलं. इथं सहावी, सातवी, आठवी मिळून सगळी एकशे चाळीस. म्हटलं, माझं लेकरू बोलताना अडखळतं. एक वाक्य पुरं करायला तिला वेळ लागतो. मोठ्या वर्गात तेवढा वेळ कुणाकडे असतो? ती हात वर करून उठेपर्यंत तास संपायचा. तिचे वडील तिला ‘सावकाशबाई’ म्हणतात ते लाडानं, पण वर्गातली पोरं लाडानं नाही म्हणायची.

आणि ते सांगितलं, आपण चौघी शाळा बघायला गेलो होतो त्या दिवसाचं. विज्ञानाच्या बाईंनी तिला नाव विचारलं, आणि थांबल्या. नुसत्या थांबल्या गं. ओठ हलवले नाहीत, ‘हं हं’ केलं नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. खडू हातात धरून उभ्या. आणि पोरीनं पुरं नाव सांगितलं, आडनावासकट. तिथंच मी ठरवलं… हो, तू होतीसच की तिथं. तुझ्या डोळ्यांतही पाणी आलं होतं, मी बघितलं ना.

हो हो… ऐकतेय, बोल… नाही, एवढंच राहिलंय. शेवटी मी काय म्हटलं माहितीय? म्हटलं, मी नुसती बोलत नाही. माझी सख्खी बहीण, तिची लेक बँड-बिंड सगळं सोडून याच शाळेत येतेय. दोघी मावसबहिणी एका बाकावर बसणार. अशा टाळ्या वाजल्या, छोटे! ती बेकरीवाली बाई आहे ना, आणि आमच्या खालच्या मजल्यावरची नर्स… दोघींच्या मुलांना मोठ्या शाळेत जागा मिळाली होती. दोघींनी तिथल्या तिथं ती जागा सोडल्याचा कागद सही करून दिला. बेकरीवाली म्हणते, ताई, तुमच्या घरातल्या दोन पोरी जाताहेत म्हटल्यावर मला आणखी कुणाला विचारायचं नाही.

…हॅलो? आहेस ना?… मग गप्प का?… दाढ, हं.

बोल आता. माझा पूर्वरंग झाला, तू मूळ मुद्द्यावर ये… अगं, मी कुठं अडवलं? एक मिनिट, एवढं कापड मांडून घेते. तू बोलत राहा. मोठ्या शाळेच्याच गणवेशांचं काम आहे बघ, गंमत. दुकानदारानं साठ गठ्ठे पाठवलेत. नावं नसतात गं, नुसते नंबर. कापडाला चिठ्ठी टाचलेली, चिठ्ठीवर मापं. मी वाचते, कापते, शिवते. कुणाचं पोर, कुणास ठाऊक. सेहेचाळीस झाले… हा सत्तेचाळीस. मोठ्यानं वाचते हं, मोठ्यानं वाचलं की चूक होत नाही. छाती अठ्ठावीस. कंबर चोवीस. लांबी वीस. खांदा साडेबारा, डावा खांदा अर्धा इंच उतरता… खिसा डावीकडे घ्या… गळ्याला वरचं बटण नको, हूक लावा, सैल…

…

छोटे.

नाही, फोन चालू आहे. मी आहे इथंच.

तुझ्या लेकीची, त्या टकळीची, छाती किती आहे गं आता?… सहज. तू सांग… माझ्या वहीत आहे, ठाऊक आहे मला. तुझ्या तोंडून सांग.

अठ्ठावीस. हं.

हो, अठ्ठावीस छातीच्या शंभर पोरी असतील. डावखुऱ्याही असतील. पण डावा खांदा उतरता, आणि खिसा डावीकडे, आणि गळ्याला बटण टोचतं म्हणून हूक… हे तिन्ही एका पोरीत? अगं, मी तिला दुपट्यापासून शिवतेय. दुकानातला माणूस छाती घेतो, कंबर घेतो, लांबी घेतो आणि ‘पुढचा’ म्हणून ओरडतो. खांद्याचा उतार बघायला त्याला सवड नसते. तो उतार मी शोधला. ती चार वर्षांची होती, फ्रॉक सारखा एका बाजूला घसरायचा. तू म्हणायचीस पोरगी धड उभी राहत नाही. मी तिला स्टुलावर उभी केली, पट्टी लावली आणि तुला सांगितलं. आणि तू ते काल-परवा जाऊन त्या दुकानदाराला सांगितलंस.

…तुला काय वाटलं? कारखान्यात शिवतात? बोर्डावर तसं लिहिलंय, हो. सगळ्यांच्याच बोर्डावर असतं. आणि मागच्या दारानं गठ्ठे माझ्यासारखीच्या घरी येतात. तुला ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं?

रडू नको. आधी सांग. ती मोठ्या शाळेत जाणार?

…

कधी ठरलं?

…म्हणजे प्रवेशाचं पत्र आलं तेव्हाच? दोन महिने? अगं पण… थांब. थांब जरा, मला आठवू दे. पत्र आलं त्या दिवशी तू आमच्या जिन्यात भेटलीस. मी विचारलं, आलं का पत्र? तू म्हणालीस, आलं… हो, ‘आलं’ म्हणालीस. कुठल्या शाळेचं आलं ते तू म्हणाली नाहीस आणि मी विचारलं नाही. वा गं वकिलीणबाई! मी तुला तिथं जिन्यात मिठी मारली. हातातली दुधाची पिशवी फुटली, पायरीवर दूध सांडलं, तरी मी हसत होते. मी तिथंच उभ्या उभ्या देवाला हात जोडले, म्हटलं, देवा, पोरींची ताटातूट केली नाहीस. आणि तू पण जोडलेस! माझ्या शेजारी उभी राहून जोडलेस. तू कशासाठी जोडलेस गं?

…

नाही, सांग ना. त्या वेळी मनात काय म्हणालीस देवाला? ‘हिला कळू देऊ नको’ असं?

…बरं. ते जाऊ दे.

काल दाढ दुखत नव्हती, ना?… मिठाचं पाणी सांगितलं मी तुला. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी, आणि तू ‘हं’ म्हणालीस.

काय?… बँड. तिला बँडमध्ये ढोल वाजवायचाय. हो, वाजवू दे की! मी नको म्हटलं असतं? टकळीच्या अंगात चार पोरींचा दम आहे, तिला बाराशे मुलंही कमीच पडतील. ते तू मला सांगायचंस. म्हणायचंस, ताई, माझ्या पोरीला ते शोभतं, तुझ्या पोरीला हे. मी एक दिवस रडले असते. दोन दिवस अबोला धरला असता. तिसऱ्या दिवशी मीच तुझ्याकडे आले असते पोरीचं माप घ्यायला. आणि आता काय झालंय बघ, माप आलंय, पण दुकानदाराच्या चिठ्ठीवरून.

सांगायला आली होतीस? कधी?… त्या रविवारी… हो, आली होतीस. मी बोलत होते?… मग?… मी शाळेचंच सांगत होते, बरोबर. त्या वाचनालयाचं… हो, आणि आज फोनही त्यासाठीच केलास. ठाऊक आहे, तू दोनदा म्हणालीस ‘सांगायचंय’. ऐकलं मी. दोनदा नाही, तीनदा. बरं, तीनदा.

म्हणजे दोष माझा?… नाही, तू तसं म्हणाली नाहीस. तू नुसतं म्हणालीस, ताईपुढे कुणाला बोलता येतं. ताई एकदा कीर्तनाला उभी राहिली की समोरच्यानं मान डोलवायची, एवढंच काम. हो, असेल. करते मी कीर्तन. आवडतं मला. देवानं दिलेला गळा नाही माझ्याकडे, पण दम दिलाय. पण छोटे, कीर्तनातून कुणी मध्येच उठून गेलं ना, तर सगळ्या मांडवाला दिसतं. बुवांनाही दिसतं. बुवा आणखी एक पद आळवतात, किंवा गप्प बसून समजतात की आज आपलं जमलं नाही. तू उठलीस कुठं? तू पुढच्या रांगेत बसून मान डोलवत राहिलीस. आणि पोरीला मागच्या दारानं दुसरीकडे नेऊन बसवलंस.

…हो, आवाज चढलाय माझा. चढणारच.

मी काल शंभर माणसांपुढे तुझं नाव घेतलं. नुसतं माझं नाही गं, तुझंही. कारण मला वाटलं, माझ्या पोरीची गोष्ट वेगळी, ती अडखळते म्हणून आई छोटी शाळा शोधते, असं म्हणतील लोक. पण तुझी टकळी तर हुशार, बोलकी, तिला कुठंही जागा. तीसुद्धा येतेय म्हटल्यावर लोकांना पटतं. आणि पटलं. त्या नर्सनं सही केली. ती दिवसपाळी करून आली होती, अजून कामाचाच वेश अंगावर होता. माझ्या शब्दावर सही केली तिनं, आणि माझा शब्द तुझ्या शब्दावर उभा होता.

आता मी तिला जिन्यात काय तोंड दाखवू? सांग ना, दाढ दुखते म्हणू?

…

आणखी कुणाला माहीत आहे?

…आईला?

आईलासुद्धा?

म्हणून ती परवा फोनवर… मी शाळा म्हटलं की ती ‘देव सगळ्यांचं बघतो’ म्हणायची आणि गुडघ्यांवर यायची. मला वाटलं, बिचारीचे गुडघे जास्त दुखताहेत. मी तेल पाठवलं गं तिला.

नाही, मी आईला काही बोलणार नाही. तिला तू बांधून घातलंस, तिचा काय इलाज… आणखी?… तुझे मिस्टर, ते तर असणारच… आणखी?… का थांबलीस?

काय म्हणालीस?

पुन्हा म्हण.

आमच्या पोरीला माहीत आहे?

…

छोटे, एवढं खोटं बोलू नको. ती माझ्यापासून काही लपवत नाही. तिला लपवता येतच नाही, ती… तिला टकळीनं सांगितलं? कधी?… आणि तू तिला काय म्हणालीस? ‘आईला इतक्यात सांगू नको, मावशी स्वतः सांगेल’?

अगं, अकरा वर्षांचं लेकरू ते. ज्याला आधीच बोलायला त्रास, त्याच्या तोंडाला तू कुलूप लावलंस? दोन महिने ती माझ्या शेजारी बसून काजं करतेय. मी रोज तिला सांगतेय, तू आणि टकळी एका बाकावर, डबा एकत्र खाल, येताना-जाताना सोबत. आणि ती खाली मान घालून काजं करतेय. मला वाटलं, पोरगी कामात रमलीय.

तू माझ्याशी वागलीस ते वागलीस. ते मी कधीतरी गिळेन, देव गिळायला लावेल. पण हे नाही, छोटे. हे नाही.

…

काय चारच्या आत?… कसली जागा?

मोठ्या शाळेत. दोन जागा अजून आहेत… तू विचारून ठेवलंस? त्या कार्यालयातल्या बाईंना?… म्हणजे आज चारपर्यंत आपला अर्ज बदलून दिला, तर आमचीही टकळीबरोबर मोठ्या शाळेत. हं. आत्ता किती वाजले?… अडीच. म्हणजे हे सांगायला फोन केला होतास तू. कबुलीला नाही, तोडग्याला.

…नाही, ऐकलं मी. एकटी पडेल. ते मला तू सांगायला नको. छोट्या शाळेत तिला टकळीइतकं जवळचं कुणी नाही. डबा खायला कुणाशेजारी बसेल? कुणी चिडवलं तर कुणाच्या मागं लपेल? टकळी असली की ती हिच्या वतीनं चार जणींना पुरून उरते… हो, मान्य. दोघी बरोबर असाव्यात, हेच माझंही ठरलं होतं. सगळं त्यावरच ठरलं होतं.

अर्जाची प्रत माझ्याकडेच आहे. कपाटात. गेले तर रिक्षानं वीस मिनिटं… सही माझीच लागते. हो, जमेल की, जमेल…

थांब. थांब, आधी तिला विचारू दे. नाही, फोन ठेवू नको. ऐकायचंच आहे तुला, सगळं तुझ्यामुळेच झालंय.

अगं ए… बाळा… बाहेर ये जरा. हातातलं राहू दे… ये. बस इथं. नाही, स्कर्टावर नको, त्या तिकडे… हां.

रागावले नाही. म्हणजे रागावलेय, तुझ्यावर नाही. मावशी आहे फोनवर. ती ऐकतेय. बाळा, टकळी मोठ्या शाळेत जाणार, हे तुला ठाऊक होतं?… मान नको हलवू, बोल.

…

होतं. ऐकलंस, छोटे? होतं म्हणतेय.

मग मला का नाही सांगितलंस? मावशीनं सांगू नको म्हटलं म्हणून?… नाही?… मग मला वाईट वाटेल म्हणून ना? मला माहितीय, तू माझा विचार केलास, तू… तेही नाही?… मग भीती वाटली असेल, एकटीला तिथं जायचं म्हणून तू…

काय?

बरं. थांबते. थांबले.

छोटे, जरा धर. ती म्हणतेय, आई, थांब. तिला सांगायचंय काहीतरी.

…

…

हं…

…

म्हणजे टकळी तुझ्याशी भांड… नाही, नाही. बोल तू. मी नाही बोलत.

…

…

…छोटे, आहेस?

ती म्हणतेय, टकळी तिथं येणार नाही हे कळलं, तेव्हा तिला बरं वाटलं.

…हो, बरं वाटलं. मीही तेच विचारलं. भांडण नाही, काही नाही. म्हणतेय, टकळी तिची वाक्यं पुरी करते. ही अडली की टकळी पुढचं बोलून टाकते. प्रेमानंच करते. पण हिला जे म्हणायचं असतं, ते तसं नसतं. आणि एकदा टकळी बोलून गेली की पुन्हा पहिल्यापासून सांगायचा हिला कंटाळा येतो, मग ही ‘हो, तेच’ म्हणते. म्हणतेय, एका बाकावर बसलो असतो, तर बाईंनी दोनदा मला विचारलं असतं, आणि तिसऱ्यांदा टकळीलाच विचारलं असतं. त्या विज्ञानाच्या बाईंनीसुद्धा.

म्हणून तिनं मला सांगितलं नाही. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी नाही. मला कळलं असतं, तर मी तुझ्याशी भांडून, रडून, देवाची शपथ घालून टकळीला ओढून परत त्याच बाकावर आणून बसवलं असतं.

…आणलंच असतं, छोटे. खोटं नाही ते.

म्हणजे बघ आता. तू लपवलंस, आईनं लपवलं, आणि माझ्या पोटच्या पोरीनं माझ्या मांडीला मांडी लावून लपवलं. या घरात सगळ्यात जास्त बोलणारी मी, आणि मला एकटीलाच काही माहीत नव्हतं. मी शिवत होते, बोलत होते, सभेत टाळ्या घेत होते, आणि तुम्ही सगळ्या जणी माझ्यापासून… हसू येतं का रडू, कळत नाही मला.

काय गं, बाळा?… आणखी आहे? सांग.

…

…

मी?

…मीही?

…

छोटे, ती म्हणतेय, मीही तेच करते.

…नाही, तू मध्ये पडू नको… नको समजावू मला. ‘तिला तसं म्हणायचं नसेल’ हे तू कोण ठरवणार? तिला तसंच म्हणायचंय. माझ्याकडे बघून म्हणाली ती.

ती जागा राहू दे. तुझ्या त्या कार्यालयातल्या बाईंना सांग, दुसऱ्या कुणाला द्या. आमचा अर्ज आहे तसाच राहील… हो, एकटी. एकटीच जायचंय तिला… नाही, ठरवलंय तिनं. मी नाही ठरवलं.

त्या दोघींचं मी बघेन. नर्स सहाला घरी येते, तिला जिन्यातच गाठते. बेकरीवालीला उद्या सकाळी. काय सांगू म्हणजे? काल मी जे सांगितलं त्यातलं एक वाक्य खरं नव्हतं, मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालं. तुमची सही परत हवी असेल, तर मी स्वतः तुमच्याबरोबर येते, मुदत टळली असली तरी कार्यालयात विनवते… तुझं नाव? तुझं नाव काल घेतलंय, आज पुसता येणार नाही. पण शिव्या नाही देणार. तेवढं मी जपेन.

टकळीचा गठ्ठा?… शिवणार की. त्या लेकराचा काय दोष. घेर नीट ठेवते, खाली तीन बोटं माया सोडते, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येईल. हूक लावते, बटण नाही. बाकी सगळ्यांचे जातात तसा दुकानात जाईल, सत्तेचाळीस नंबरनं. तिथून घे.

…नाही, इथं येऊ नको. रविवारीही नको… कधी ते मला माहीत नाही. माझ्या मनाला माफ कर म्हटलं म्हणजे लगेच जमतं, असं तुला वाटतं का? मी रोज देवापुढे बसते म्हणून माझं आतडं लोखंडाचं झालेलं नाही. जिन्यातली ती मिठी माझ्या अंगावरून उतरेपर्यंत नको येऊस. तू पण हात जोडले होतेस, छोटे. ते मला दिसत राहतं.

हो… हो… ऐकतेय… नाही, आता तू रडू नको, मी तुला समजावत बसले तर…

थांब जरा. काय गं?… बोल, बाळा, मी… हो. हो.

छोटे, आता पुरे. ठेवते मी… रागानं? हो, रागानंही ठेवतेय. पण ती इथं माझ्यासमोर उभी आहे, आणि तिचं बोलणं अजून संपलेलं नाही.